बोट ठेवलेली ओळ

ईमॅक्स हा जुना, मुरलेला टेक्स्ट एडिटर. त्याचं सगळं मॅन्युअल त्याच्या पोटातच असतं. कंट्रोल-एच आणि मग आय दाबलं की ‘इन्फो’ नावाची वाचनखिडकी उघडते. नवखा माणूस पहिलं प्रकरण वाचू लागतो. पडदाभर मजकूर संपला की स्पेसबार दाबायचा, पुढचा मजकूर वर येतो. पुन्हा वाचायचं, पुन्हा स्पेसबार. चार-पाच वेळा हे सुरळीत चालतं आणि हाताला लय सापडते. मग तीच कळ त्याच अंगठ्याने दाबल्यावर समोर भलतंच काही उभं राहतं. शीर्षक वेगळं, विषय वेगळा, आणि मघाशी वाचलेली शेवटची ओळ पडद्यावर कुठेच नाही.

वाचणाऱ्याला वाटतं, कळ जरा जास्त वेळ दाबली गेली, दोन-तीन पडदे एकदम सरकले. तो मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि पुन्हा त्याच अनोळखी पानावर पोचतो. एव्हाना ज्या आज्ञेची माहिती काढायला तो आला होता, ती आज्ञाच डोक्यातून निसटलेली असते.

इथे काहीही बिघडलेलं नाही, आणि मुद्दा तोच आहे. इन्फोमधलं मॅन्युअल एका सलग लांब पानासारखं नसतं. त्याचे लहान-लहान तुकडे केलेले असतात, प्रत्येकाला ‘नोड’ म्हणतात, आणि हे नोड झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात. स्पेसबारचं काम नोड संपेपर्यंत मजकूर सरकवणं. नोड संपला की तीच कळ वाचकाला पुढच्या नोडमध्ये नेते. त्या नोडला उपनोडांची यादी असेल, तर त्यातल्या पहिल्या उपनोडात. म्हणजे एकाच कळीला दोन कामं आहेत. एक पान सरकवण्याचं, दुसरं प्रकरण बदलण्याचं. पहिलं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, हे अंगठ्याला कळायला काहीच मार्ग नाही. गंमत वाटेल, पण पेजडाऊन ही कळ असं करत नाही. ती नोडच्या शेवटाशी थांबते, पलीकडे जात नाही. इन्फोच्या मॅन्युअलमध्ये हा फरक स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र तो वाचायचा तर त्या पानापर्यंत पोचायला हवं.

ही रचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. एकच कळ दाबत राहिलं तर मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही भाग न गाळता वाचून होतं. कादंबरीसारखं मॅन्युअल वाचणाऱ्याला हे वरदानच. पण मॅन्युअल असं वाचणारी माणसं थोडी. बहुतेक जण अडल्यावर येतात, एक गोष्ट शोधतात, ती सापडली की कामाला परत जातात. अशा माणसाला पुढचं प्रकरण आपोआप नको असतं. आपण कुठे आहोत, एवढं त्याला कळत राहायला हवं.

पडद्यावर वाचणाऱ्याची जागा ही वाचणाऱ्याची असते, यंत्राची नव्हे. ती त्याने सांगितल्याशिवाय हलू नये. हलवावीच लागली, तर इतकी आणि अशी हलावी, की डोळ्याला माग काढता येईल. ही अपेक्षा साधी आहे. पण गेल्या पन्नासेक वर्षांत लिहिल्या गेलेल्या नावाजलेल्या एडिटरांनीही ती पूर्णपणे पाळलेली नाही, आणि न पाळण्याची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो नवा शिकणारा.

हे असं का झालं, याचं उत्तर १९७०च्या दशकातल्या यंत्रांत सापडतं. ईमॅक्सचा जन्म १९७६चा, अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यामागची मुख्य नावं. त्याच वर्षाच्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलीला बिल जॉय ‘व्हीआय’ हा एडिटर लिहीत होता. त्याच्या हाताखालचं टर्मिनल होतं एडीएम-३ए. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, म्हणजे भरलेल्या पडद्यावर १,९२० अक्षरं. घरून काम करताना त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. त्यातून सेकंदाला साधारण ३० अक्षरं येत. हिशेब केला तर पूर्ण पडदा नव्याने रंगायला मिनिटाहून जास्त वेळ, ६४ सेकंद लागतील. अशा तारेवर पडदा हलवणं ही चैन होती. मजकूर शक्य तितका वेळ जागच्या जागी ठेवायचा, आणि हलवायचाच झाला तर एका फटक्यात बराच हलवायचा, म्हणजे लगेच पुन्हा हलवावा लागणार नाही, हा त्या परिस्थितीतला शहाणपणा होता.

ती तार गेली, तो मोडेम संग्रहालयात गेला, पण सवय एडिटरांमध्ये राहून गेली. आजही नव्याने बसवलेल्या ईमॅक्समध्ये खालच्या बाणाची कळ दाबत कर्सर पडद्याच्या तळाशी नेला आणि आणखी एक ओळ खाली जायला सांगितलं, तर मजकूर एक ओळ वर सरकत नाही. तो अर्धा पडदा उडी मारतो आणि कर्सर मधोमध येऊन बसतो. तळाच्या ओळीवर असलेली नजर रिकामी पडते. जी ओळ खाली होती ती आता मध्यावर आहे, हे मेंदूला नव्याने शोधून काढावं लागतं. ‘स्क्रोल-कन्झर्व्हेटिव्हली’ नावाची एक सेटिंग आहे. तिची मूळ किंमत शून्य असते. ती शंभराच्या वर नेली की ही उडी थांबते आणि मजकूर ओळी-ओळीने सरकू लागतो. अनुभवी माणसांच्या सेटिंगच्या फायलीत ही ओळ हमखास सापडते. त्या अर्थी मूळ वागणूक त्यांनाही सुखाची वाटलेली नाही.

आणखी एक जुना नियम इथे आडवा येतो. ईमॅक्स आणि व्हीआयच्या घराण्यातला व्हिम या दोन्हींमध्ये कर्सर नेहमी दिसणाऱ्या मजकुरातच असायला हवा. आधुनिक शब्दप्रक्रियेची सवय असलेला माणूस माउसचं चाक फिरवून खालचा परिच्छेद डोळ्याखालून घालतो, कर्सर वरच राहतो, आणि टाइप करायला लागलं की पान आपोआप परत जागेवर येतं. या दोन एडिटरांत तसं नाही. पान सरकवलं की कर्सर पडद्याच्या काठाला अडकून सोबत ओढला जातो. नुसतं डोकावायला गेलेला माणूस लिहिण्याची जागाही गमावून बसतो. घराच्या खिडकीतून बाहेर बघितलं म्हणून आपण रस्त्यावर जाऊन उभे राहत नाही. इथे मात्र बघणं आणि जाणं वेगळं काढलेलंच नाही.

व्हिमची गोष्ट जरा वेगळी, आणि तिच्यात एक चांगला शेवटही आहे. व्हिम लिहिला ब्रॅम मोलेनार या डच प्रोग्रामरने. १९९१ साली तो अमिगा संगणकासाठी लोकांपर्यंत पोचला, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये मोलेनार वारला तोवर तो त्याची काळजी घेत राहिला. व्हिम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं आवाहन आजही दिसतं. व्हिमचं मदत-मॅन्युअल लिहिलेलंही फार निगुतीने आहे. पण ते उघडायची रीत बघा. प्रोग्रामर एका फंक्शनच्या मधोमध आहे, एखादी आज्ञा आठवत नाही म्हणून तो ‘हेल्प’ असं लिहितो. पडद्याचे आडवे दोन भाग होतात. वरच्या भागात मदत येते, आणि तिला जागा करून देताना खालचा स्वतःचा मजकूरही सरकतो. म्हणजे मदत मागितल्याबद्दल पहिली शिक्षा अशी, की ज्या ओळीसाठी मदत मागितली तीच ओळ नजरेच्या जागेवरून हलते. मदतीची खिडकी बंद केली की पुन्हा हालचाल.

कित्येक वर्षं लोकांनी हे असंच असतं म्हणून सोडून दिलं. शेवटी २०२२मध्ये व्हिममध्ये ‘स्प्लिटकीप’ नावाची सेटिंग आली. तिला ‘स्क्रीन’ ही किंमत दिली की खिडकीचे भाग होताना मजकुराच्या ओळी पडद्यावर जिथे होत्या तिथेच राहतात. व्हिमचाच वारस असलेल्या निओव्हिममध्येही ती आली. निओव्हिममध्ये ‘जंपऑप्शन्स’ या सेटिंगला ‘व्ह्यू’ अशी किंमत देता येते. तिचं मोल मॅन्युअल वाचणाऱ्यालाच कळेल. मदतीच्या एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर गेलं आणि परत फिरलं, तर नुसती ओळ परत मिळून भागत नाही. ती ओळ पडद्यावर ज्या उंचीला होती त्या उंचीला परत मिळाली, तरच डोळा तिला ओळखतो. ‘व्ह्यू’ हेच करू पाहतो. कुणाला तरी हे जाणवलं, त्याने ते लिहिलं, आणि हजारो लोकांचं रोजचं चाचपडणं वाचलं. मात्र दोन्ही सोयी मागाव्या लागतात. आपणहून सुरू होत नाहीत.

जागेला एवढं महत्त्व का द्यायचं, असं कुणी विचारेल. पोथीचं पारायण करणाऱ्या आजीला हा प्रश्न पडणार नाही. कुठली ओवी डाव्या हाताच्या पानावर खालच्या बाजूला आहे, हे तिला आकडा न बघता माहीत असतं. अभ्यास करणाऱ्या मुलालाही परीक्षेत उत्तर आठवत नसताना ते पुस्तकात कुठे होतं, आकृतीच्या खाली होतं की चौकटीत होतं, हे मात्र आठवतं. हा भास नाही. अर्न्स्ट रॉथकॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाचकांना जागा लक्षात ठेवा असं सांगितलेलं नव्हतं. तरीही एखादी माहिती पानाच्या कुठल्या भागात होती, हे त्यांना निव्वळ अंदाजाने येईल त्यापेक्षा चांगलं सांगता आलं. मजकूर आणि त्याची जागा मेंदू एकत्र साठवतो.

छापील पान हलत नाही, म्हणून ही साठवण टिकते. पडद्यावर मजकूर सरकत राहतो, त्यामुळे ती आधीच डळमळीत असते. क्रिस्टोफर सांचेझ आणि जेनिफर वायली यांनी २००९मध्ये सरकणारं पान आणि एकेक करून उलटायचं पान यांची तुलना केली. अवघड विषय समजून घेताना सरकणाऱ्या पानाने वाचकांचं नुकसान केलं, आणि ज्यांची तात्पुरती स्मृती कमी होती त्यांचं जास्त केलं. नॉर्वेत ॲन मांगेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दहावीच्या ७२ मुलांवर केलेल्या पाहणीत कागदावर वाचणारी मुलं आकलनात पुढे राहिली. पडद्यावर सरकवत वाचताना मजकुराचा जागेनुसार नकाशा मनात तयार होत नाही, हे त्यांनी संभाव्य कारणांपैकी एक मानलं. हे सगळं वाचकाने स्वतःच्या हाताने सरकवलेल्या पानाबद्दल आहे. पान स्वतःहून उडी मारतं तेव्हा काय होत असेल, त्याचा अंदाज बांधायला वेगळ्या प्रयोगाची गरज नाही.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी हे दुखणं ओळखलं. बातमी वाचताना वरच्या बाजूला उशिरा एखादं चित्र किंवा जाहिरात उतरायची आणि वाचत असलेला परिच्छेद खाली ढकलला जायचा, हा अनुभव वृत्तपत्रांच्या वाचकांना चांगलाच ठाऊक आहे. २०१७च्या जानेवारीत क्रोमने आणि २०१९च्या मार्चमध्ये फायरफॉक्सने ‘स्क्रोल अँकरिंग’ आणलं. वर काहीही वाढलं तरी ब्राउझर समोर दिसणारा एक भाग पकडून ठेवतो आणि वाढलेल्या उंचीइतकं पान गुपचूप सरकवतो, म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर स्थिर दिसतो. पुढे २०२०मध्ये गूगलने पान किती हलतं याचं मोजमापच ठरवलं. ०.१पर्यंतचा आकडा चांगला मानला जातो. महत्त्वाची गोष्ट अशी, की स्क्रोल अँकरिंग कुणाला शोधून सुरू करावं लागलं नाही. एका सकाळी ब्राउझर अद्ययावत झाला आणि करोडो लोकांचं पान थांबलं.

एडिटर मात्र अजून सेटिंगच्या भरवशावर आहेत. ‘सेटिंग आहे की, बदला’ हे उत्तर देणाऱ्या अनुभवी माणसाचा हेतू वाईट नसतो, पण ते उत्तर चुकीच्या माणसाला दिलेलं असतं. सेटिंग बदलायची तर तिचं नाव माहीत हवं. नाव मॅन्युअलमध्ये असतं. आणि मॅन्युअल वाचतानाच तर पान पळतं. ज्याला ही सोय सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचते. तोवर बरेच जण, एडिटर आपल्याला जमणारा नाही अशी स्वतःची समजूत घालून निघून गेलेले असतात.

शब्दांचा घोळ हा अडथळा आणखी उंच करतो. ईमॅक्समध्ये पेजडाऊन दाबलं की जी आज्ञा चालते तिचं नाव ‘स्क्रोल-अप’ आहे. कारण नाव देणाऱ्याने मजकूर कुठल्या दिशेला जातो ते पाहिलं, आणि कळ बनवणाऱ्याने वाचकाची नजर कुठे जाते ते पाहिलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ॲपलने २०११च्या जुलैत ‘लायन’ आणताना टचपॅडची दिशाच उलटी केली आणि तिला ‘नैसर्गिक’ म्हटलं, तेव्हा हाच वाद घराघरांत झाला. १९८१च्या आयबीएम पीसीवर ‘स्क्रोल लॉक’ ही कळ होती. ती सुरू असताना बाणाच्या कळींनी कर्सरऐवजी पानच हलावं, अशी कल्पना. एक्सेलमध्ये ती आजही तसंच करते, आणि चुकून दाबली गेली तर हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आपला कीबोर्ड बिघडला असंच वाटतं. बघणं आणि जाणं वेगळं ठेवायला हवं, हे तेव्हाही कुणाला तरी सुचलं होतं. फक्त ते कळीच्या मागे लपलं.

आजच्या एडिटरांनी यातले काही प्रश्न सोडवले आणि काही नवे आणले. व्हीएस कोडमध्ये मार्कडाऊनमध्ये लिहिलेलं डॉक्युमेंटेशन एका बाजूला मूळ रूपात आणि दुसऱ्या बाजूला सजवलेल्या रूपात बघता येतं. दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या असतात. एक सरकवली की दुसरी सरकते, हेच मूळचं वागणं. मजकूर सरळ असेल तर ते सोयीचं वाटतं. मध्ये मोठं चित्र आलं, की डावीकडे एक ओळ आणि उजवीकडे अर्धा पडदा अशी विषम गाठ पडते, आणि दुसऱ्या बाजूला वाचत असलेला परिच्छेद एकाएकी निघून जातो. मात्र याच एडिटरने २०२२मध्ये आणलेली ‘स्टिकी स्क्रोल’ची सोय मनापासून दाद देण्यासारखी आहे. लांबलचक फाइलीत खाली जात असताना आपण कुठल्या फंक्शनमध्ये किंवा कुठल्या शीर्षकाखाली आहोत ती ओळ पडद्याच्या माथ्यावर टिकून राहते. हलणाऱ्या पानात एक न हलणारी खूण.

देवनागरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी यात एक खास त्रास मिसळतो. आपल्या अक्षरांना डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार आणि पायाशी उकार लागतात, त्यामुळे देवनागरी फाँटची ओळ रोमन ओळीपेक्षा बहुधा उंच असते. जिथे ओळीची उंची मजकुरानुसार ठरते, तिथे मराठी टिपणं आणि इंग्रजी कोड एकत्र असलेल्या फाइलीत ओळी लहान-मोठ्या होतात. पडदाभर सरकवायला सांगितलं, तर दरवेळी सरकणाऱ्या ओळींची संख्या वेगळी. जिथे सगळ्या ओळींची उंची सारखीच धरलेली असते, तिथे पान स्थिर राहतं, पण उंची कमी ठेवली असेल तर वेलांटी किंवा उकार कापला जातो. मराठीत टिपणं लिहिणाऱ्या प्रोग्रामरला स्थिर पान आणि पुरं अक्षर, दोन्ही मिळायला हवं.

त्याहून मोठी गोष्ट भाषेची. या एडिटरांची मॅन्युअलं मुख्यतः इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकीला किंवा पॉलिटेक्निकला आलेला मुलगा ती वाचतो तेव्हा तो एकेका वाक्यावर थांबतो. अपरिचित शब्द लागला की मागच्या ओळीवर जातो, पुन्हा पुढे येतो. पडद्यावरची ओळ हाच त्याचा आधार असतो. इंग्रजी सरावाची असलेला वाचक पान उडालं तर शीर्षकांवरून झरझर नजर फिरवून जागा शोधून काढतो. या मुलाला तीच जागा शोधायला तो सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागतो. दोघांसमोर उडी एकच, किंमत मात्र वेगळी. मूळ सेटिंग ठरवताना कुणाचा विचार करायचा, याचं उत्तर इथे आहे.

करायचं काय, ते फार अवघड नाही, आणि त्यातलं बरंचसं लिहूनही झालेलं आहे. ‘स्प्लिटकीप’ने ओळी जागेवर ठेवण्याची आणि ‘व्ह्यू’ने जागा परत देण्याची सोय पहिल्या दिवसापासून सुरू असावी. ज्यांना जुनी रीत हवी ते सेटिंग बदलतील, आणि ती कशी बदलायची हे जुन्या माणसांना चांगलं माहीत असतं. ईमॅक्सने तळाच्या एका ओळीसाठी अर्धा पडदा फेकणं थांबवावं. इन्फोमध्ये नोड संपला की स्पेसबारने एकदा थांबावं, पुढच्या नोडचं नाव तळाशी दाखवावं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावरच आत न्यावं. सलग वाचणाऱ्याचं यात प्रत्येक नोडमागे एका टिचकीपलीकडे काही जात नाही.

ईमॅक्समध्येच याचा एक छोटा, जुना नमुना आहे. पडदाभर मजकूर पुढे सरकवला की तो नवा पडदा पूर्ण नवा नसतो. आधीच्या पडद्याच्या तळाच्या दोन ओळी नव्या पडद्याच्या माथ्यावर ठेवलेल्या असतात. व्हीआयमध्येही पुढचा पडदा आणताना दोन ओळी अशाच राखल्या जात. २४ ओळींच्या पडद्यावर दोन ओळी म्हणजे बारावा हिस्सा. जिथे एकेक अक्षर उतरायला वेळ लागत होता, तिथे वाचून झालेल्या मजकुरासाठी हे एडिटर लिहिणाऱ्यांनी तेवढी जागा सोडली.